केआवेचा मेळ

कपेकानं गिटार मांडीवरून उतरवली आणि उतरवता उतरवता तीन खुंट्या उलट्या पिळल्या.

डोंगरावर, कुंपणाच्या आत, ओहियाच्या झाडाच्या एका पानाखाली नखाएवढी एक गोगलगाय सकाळपासून दोन बोटं सरकली होती.

मोलोकाई बेटावर रहदारीचा एकही दिवा नाही. तरी गाड्या थांबतात. समोरून ओळखीचं माणूस आलं की दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात आणि मागचा कुणी भोंगा वाजवत नाही.

पोई म्हणजे उकडलेल्या अळूकंदांचा लगदा; तीन दिवसांची झाली की ती आंबते. कपेकाला ती तशीच लागते.

"बोटं आता एवढीच वळतील," डॉक्टर कपेकाला म्हणाले होते. "पुढच्या वर्षी याहून कमी."

यातलं शेवटचं वाक्य नोहेआच्या डोक्यातून जात नव्हतं. पायरीवर बसून ती ब्रशनं बुटांचा चिखल खरवडत होती. डोंगरावरच्या झाडगोगलगाई मोजायच्या आणि त्यांच्याभोवतीचं कुंपण राखायचं ही तिची नोकरी. आठवड्यातले चार दिवस ती वर धुक्यात असे. खाली उतरली की थेट आजीकडे, कपेकाकडे; तिला ती तुतू म्हणे. वय बत्तीस झालं, तरी तुतूनं तिला घरचा मेळ दिला नव्हता.

गिटारची कुठली तार किती उतरवायची, हा मेळ इथं घराघराचा वेगळा. वाजवून झालं की तारा सैल करून टाकायच्या, म्हणजे आल्यागेल्याच्या हाती काही लागत नाही. कपेकाच्या वडिलांचा, केआवेचा मेळ अख्ख्या बेटावर नावाजलेला. ऐकला सगळ्यांनी; उचलला एकट्या कपेकानं.

"पुन्हा सैल केलीस," नोहेआ म्हणाली.

"सवय."

"घरात मी एकटी आहे."

"चोर घरातलाच असतो."

"पाच तारा मी कानानं धरल्यात, तुतू. एक तेवढी दर वेळी निसटते."

"मग पाचच वाजव. लोकांना काय कळतंय!"

नोहेआनं ब्रश खाली ठेवला. "तू वर जाताना तो मेळ बरोबर घेऊन जाणार आहेस का?"

"वर म्हणजे तुझ्या गोगलगाईंकडे?"

"मी थट्टा करत नाहीये."

कपेका उगाच गिटारच्या लाकडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तो मेळ केआवेचा नाही."

नोहेआ वळून बसली.

"अकरा वर्षांची होते मी. बाप वाजवत बसला होता, तेवढ्यात शेजारचा ओरडत आला. मासळीच्या तळ्याचा दरवाजा निखळला होता. बाप गिटार भिंतीला टांगून पळाला. मला वाटलं, एवढ्या घाईत तारा सैल करायला वेळ कुठला मिळणार! अंगठ्यानं एकेक तार छेडली, सूर गुणगुणत पाठ केला, आणि मामानं दिलेल्या फुटक्या गिटारवर तस्साच लावला." तिनं खुंटीला बोट लावलं. "पण सवय हातांना असते गं. पळता पळताही त्यानं पिळल्या होत्या."

"म्हणजे..."

"म्हणजे पोरीनं चोरी केली आणि कुलूपच घरी घेऊन आली."

नोहेआला हसू फुटलं. तिनं ते गिळलं, पण पुरतं गिळलं गेलं नाही.

"हस. साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगतेय, तर हस."

"तुला फरक कळला नाही?"

"वाटलं, माझी बोटं लहान आहेत म्हणून वेगळं वाजतं. त्याच्या गिटारला पुन्हा हात लावला नाही. कशाला लावू? मला मिळालं होतं ना सगळं! तो गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याच्या जुन्या साथीदारानं ऐकलं. म्हणाला, झकास आहे पोरी, पण हा केआवेचा नव्हे. त्याच्या हातापाया पडून मी त्याला गप्प केलं."

"आणि पणजोबांनी कधी ऐकलंच नाही?"

अंगणात कोंबडीनं पपईच्या बुंध्याशी माती उकरली, काही सापडलं नाही, तशी ती दुसरीकडे गेली.

"ऐकलं. चोरी केली त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. दारात उभा राहून ऐकलं, अख्खं. 'कुठून आणलास हा?' म्हणाला. मी म्हटलं, 'तुमचाच.' तो 'हं' म्हणाला आणि जेवायला बसला. त्यावर एक शब्द नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "पोरगी चुकतेय, चुकू दे. हातात हात घेऊन एकदा दाखवावं, एवढंही त्याला वाटलं नाही. तो खरा मेळ त्याच्याबरोबर पुरला गेला. आता मी तुला काय देऊ? लोक केआवेच्या नावानं टाळ्या वाजवतात, आणि मी त्या घेते."

नोहेआ उठली. बूट पायरीवरच राहिले. अनवाणी येऊन ती आजीच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"आमच्या कड्यावरच्या गोगलगाईंचे शंख डावीकडे वळतात," ती म्हणाली. "दरी ओलांडली की उजवीकडे. त्यांची पहिली आई या बेटावर आली कशी, कुणाला ठाऊक! पक्ष्याच्या पायाला चिकटून असेल, नाहीतर वादळातल्या पानावर बसून. बोलावलं तर कुणीच नव्हतं. चुकूनच आली ती. आता जगात दुसरीकडे कुठंही तशी गोगलगाय नाही. मी काय त्यांना परत धाडू?"

"मला गोगलगाय म्हणतेस?"

"आमच्यात याला स्तुती म्हणतात."

"चालतेस तर तू तशी. डोंगरावरून उतरायला चार तास!"

"तीन."

"मी तुझ्या वयाची असताना दीड लागायचा, आणि पाठीवर केळ्यांचा घड असायचा."

कपेकानं गिटार पुन्हा मांडीवर घेतली. खुंट्या एकेक करून फिरवू लागली. दुसऱ्या तारेशी बोट अडकलं. तिनं दुसऱ्या हातानं ते धरून सरळ केलं आणि पुन्हा फिरवलं. या घरात शिकवण्याची रीत एकच होती: डोळे उघडे, कान उघडे, तोंड बंद. नोहेआनं ओठ मिटले.

कपेका वाजवू लागली. चाल तीच, लहानपणापासून नोहेआला झोपवणारी. दोनदा अंगठा चुकला, एकदा ती स्वतःशीच पुटपुटली. संपल्यावर सवयीनं हात खुंट्यांकडे गेला. थांबला. मग तिनं गिटार तशीच, ताठ तारांसकट, खुर्चीवर ठेवली.

"कोंबड्या ओरडताहेत," ती उठत म्हणाली.

"कुठं ओरडताहेत?"

"ओरडतील. मला वेळ लागेल."

ती पायऱ्या उतरून परसात गेली. खरोखरच वेळ लावू लागली. रिकाम्या घमेल्यात हात घालून कोंबड्यांना हाका मारत राहिली. मागून तिच्या कानावर एक तार आली, मग दुसरी, अंगठ्यानं छेडलेली, आणि प्रत्येकीपाठोपाठ हलक्या आवाजात गुणगुणणं.

मुलीचं वाजवणं दारात उभं राहून ऐकल्यानंतर केआवे आणखी दोन वर्षं जगला, आणि त्या दोन वर्षांत गिटार भिंतीला टांगताना दर वेळी त्यानं तारा वाटेल तशा न सोडता मुलीच्या मेळातच सैल केल्या.