यादीत खिडकी नव्हती

शारजाच्या अल नहदामध्ये ऋतू बदलल्याचं पहिलं कळतं ते कानांना. एप्रिलपासून अहोरात्र घरघरणारा एसी एका सकाळी कुणीतरी बंद करतं आणि घरात इतकी शांतता पसरते, की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे सहा महिन्यांनी आठवतं. मग एकेका मजल्यावर खिडक्या सरकू लागतात, गोधड्या बाहेर डोकावतात आणि समोरच्या टॉवरमधली माणसं एकमेकांना खरीखुरी दिसतात.

ऑक्टोबरअखेरच्या बुधवारी चौदाव्या मजल्यावर एसी बंद करण्याचा मान ईश्वरीला मिळाला. पहाटे मोबाइलवर चोवीस डिग्री दिसली आणि तिच्या अंगात आलंच. कंपनीची बस साडेसहाला; हातात पाऊण तास. तेवढ्यात बाईसाहेबांनी हॉलची मोठी खिडकी दोन्ही हातांनी रेटून उघडली, गाद्या झटकल्या, भिंतीकडचा दिवाण ओढत ओढत थेट खिडकीखाली आणला आणि ऊन लागावं म्हणून त्याच्या कडेला दोन जाड रजया घडी करून ठेवल्या.

"बाबा, घ्या तुमची हवा!" ती म्हणाली.

बाबा म्हणजे तिचे सासरे, सूर्यकांत. पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ऑगस्टच्या शेवटी नातवाला सांभाळायला आलेले. मुलगा सुजीत नोकरीसाठी आठवडाभर अबू धाबीला खलिफा सिटीत राही आणि शनिवार-रविवार घरी येई. त्यामुळे एकोणीस महिन्यांचा देवांश दिवसभर बाबांच्या ताब्यात. आल्या दिवसापासून बाबांचं एकच पालुपद होतं, की बंद घरात मूल कोमेजतं. आणि ईश्वरीचं एकच उत्तर, "ऑक्टोबर येऊ दे."

बाबा प्रेमळ होते, पण वेंधळे. दूध तीनदा उतू गेलं होतं, एकदा देवांशला उलटी चड्डी घालून खाली नेलं होतं. म्हणून ईश्वरीने फ्रिजवर यादी लावली होती. तेरा सूचना, ठळक अक्षरांत. खाणं किती वाजता, झोप किती वाजता, गॅसचा नॉब कुठे फिरवायचा. नवव्या नंबरला लिहिलं होतं, मोबाइल फक्त स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावायचा, देवांश वायर ओढतो. बाबा ती यादी रोज सकाळी चष्मा लावून वाचत. त्यांना ती अपमानकारक वाटत असणार, पण तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचे जोड बनवणाऱ्या कंपनीत ईश्वरी क्वालिटी विभागात होती. मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी माल परत पाठवणारी बाई अशी तिची ख्याती. दहा वाजून बावन्न मिनिटांनी ती चहाचा कप घेऊन टेकली आणि मोबाइल पाहिला. बाबांनी बारा मिनिटांपूर्वी फोटो पाठवला होता.

फोटोत देवांश पाठमोरा, दिवाणावर उभा. दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर. पडदा फुगून बाहेर गेलेला. खाली बाबांनी लिहिलं होतं, 'चिरंजीव हवा खाताना.'

तिला आधी हसू आलं. मग तिच्या डोक्यात आकडे आपोआप पडू लागले, सवयच ती. चौकट जमिनीपासून शंभर सेंटिमीटर. दिवाण पंचेचाळीस, गादी पंधरा. उरले चाळीस. रजयांच्या दोन घड्या मिळून वीस. उरले वीस. देवांशची उंची ब्याऐंशी.

गादीवर उभा राहिला तर चौकट त्याच्या कमरेला. रजयांवर चढला तर गुडघ्याला.

मागच्या थंडीत ही खिडकी महिनोन्‌महिने उघडी होती. पण तेव्हा देवांश जेमतेम रांगत होता. उभं राहणं, चालणं, सोफ्यावर चढणं हे सगळं तो बंद काचांच्या आत शिकला होता. चढणारं मूल आणि उघडी खिडकी एकाच घरात असण्याचा हा पहिलाच दिवस होता, आणि दिवाण तिथे नेला होता तिने. तेरा सूचनांत खिडकीचं नावही नव्हतं, कारण यादी ऑगस्टमधली होती. ऑगस्टमध्ये कोण मेलं खिडकी उघडतंय!

तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. तेच.

बाबा आणि फोन न उचलणं? चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस. दुसऱ्या रिंगला फोन उचलणं हा त्यांचा धर्म होता. जेवताना उचलत, तोंडात दात घासायचा ब्रश असताना उचलत.

"काय झालं गं? तोंड बघ कसं झालंय," शेजारच्या टेबलावरची रुकय्या म्हणाली. रुकय्या रत्नागिरीची, कंपनीतली ईश्वरीची एकमेव जिवाभावाची. ईश्वरीने फोटो तिच्यापुढे धरला. रुकय्याला आकडे सांगावे लागले नाहीत. तिला तीन मुलं होती. तिने ड्रॉवरमधून गाडीची किल्ली काढली. "यल्ला, चल. मॅनेजरला रस्त्यातून मेसेज टाकू."

गाडी फ्री झोनच्या गेटमधून बाहेर पडेपर्यंत ईश्वरीने नऊ वेळा फोन लावला होता. दहाव्यांदा लावायला गेली तशी रुकय्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिचं मनगट धरलं.

"ईश्वरी, फोन ठेव."

"अगं पण ते उचलत नाहीयेत!"

"फोन कुठे असतो त्यांचा?"

"किचनमध्ये. चार्जिंगला."

"आणि पोरगा हॉलमध्ये. तू वाजवतेस, ते तिकडे धावतात. मग पोरापाशी कोण?"

नऊ वेळा. नऊ वेळा तिने म्हाताऱ्याला पोरापासून उठवायला पाहिलं होतं. फोन स्वयंपाकघरात ठेवायची आज्ञाही तिचीच. तिने मोबाइल उलटा करून मांडीवर दाबून धरला. तिला स्वतःचा इतका राग आला, की ओरडावंसं वाटलं.

"वॉचमन?" रुकय्याने विचारलं.

रामेश्वर! बिल्डिंगचा वॉचमन, बिहारकडचा, एका हाकेला धावणारा. त्याने लगेच उचलला.

"जी मॅडम, मैं पीछे ही खडा हूँ, कचरे के डब्बे के पास. अच्छा हुआ आपने फोन किया. वो पीला तकिया आपका है क्या? हाथीवाला? अभी अभी ऊपर से गिरा."

उशीवरचा हत्ती तिनेच दोऱ्याने भरला होता, बाळंतपणाच्या रजेत, दोन संध्याकाळी खर्च करून. रुकय्याने फोन स्पीकरवर टाकला.

"रामेश्वर," ईश्वरी कशीबशी म्हणाली, "ऊपर देखो. चौदह. खिडकी में कोई दिख रहा है?"

"परदा उड रहा है मॅडम. बच्चा है शायद. हाथ दिख रहा है. आवाज दूँ?"

"नहीं!" दोघी एकदम ओरडल्या. खालून हाक मारली असती तर पोरगं हौसेने वाकलं असतं. रामेश्वर त्याचा लाडका होता. रोज खाली गेल्यावर त्याला टाळी दिल्याशिवाय हलायचा नाही.

"मैं ऊपर जाके बेल बजाता हूँ."

"बेल मत बजाना! हमारी बेल बिलकुल मत बजाना." बेल वाजली की बाबा दाराकडे वळणार. "सामनेवाला फ्लॅट. कावेरी मॅडम. उनके पास हमारी चाबी है. उनको उठाओ, बोलो चुपचाप अंदर जाए. फोन चालू रखो."

कावेरी सोलापूरची नर्स, रात्रपाळी करून सकाळी झोपलेली. तिचा मोबाइल दुपारपर्यंत बंद असे. रामेश्वरच्या धावत्या पावलांचा आवाज आला, लिफ्टचं दार सरकलं, आणि मग काहीच नाही. लिफ्टमध्ये नेटवर्क नव्हतं.

रस्त्याला गर्दी नव्हती, तरी तो संपत नव्हता. रुकय्या ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होती. एका गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या आणि मागच्या सीटवरचं एक मूल हात बाहेर काढून वारा झेलत होतं. ईश्वरीने तोंड फिरवलं. तिने तिला ठाऊक होते तेवढे सगळे देव एका दमात आठवले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, की पुन्हा म्हणून खिडकी उघडणार नाही, आयुष्यभर एसीत राहीन.

फोनमध्ये खरखर झाली. रामेश्वर धापा टाकत होता. दूरवर बेल वाजली. पुन्हा वाजली. "कावेरी मॅडम! मॅडम!" दार उघडलं. झोपेतला, चिडका आवाज. रामेश्वरची घाईची हिंदी. किल्ल्यांची खणखण, एक चुकीची, मग बरोबर. मग पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट, देवांशचं खिदळणं.

"ईश्वरी?" कावेरीचा आवाज आला. झोप पार उडालेली. "आहे. देवांश आहे. मी धरलंय त्याला. खिडकी लावते." खिडकी सरकल्याचा आवाज आला. मग कावेरी थांबली. "पण बाबांचा हात सुटत नाहीये गं. तू ये लवकर."

रुकय्याने गाडी कडेला घेतली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मिनिटभर रडल्या आणि पुन्हा निघाल्या.

ईश्वरी घरात शिरली तेव्हा बाबा दिवाणावर आडवेच होते, कुशीवर, चेहरा वेदनेने पांढराफटक. त्यांच्या उजव्या मुठीत देवांशची निळी चड्डी होती. चड्डीत देवांश नव्हता. तो कावेरीच्या कडेवर बिस्किट खात होता. मूठ उघडेना म्हणून कावेरीने चड्डी तशीच राहू दिली होती आणि पोराला तिच्यातून बाहेर काढलं होतं.

"कंबर धरलीय," कावेरी हळूच म्हणाली. "उठवू नकोस. इंजेक्शन द्यावं लागेल. डॉक्टर येतायत."

फोटो पाठवला, फोन नवव्या सूचनेप्रमाणे चार्जिंगला लावला आणि बाबा परत वळले, तोवर देवांश रजयांवर चढून चौकटीवर पोटाने पालथा झाला होता. बाबांनी झेप घेतली. सत्तरीच्या माणसाने तशी झेप घ्यायची नसते. चड्डी हातात आली, पोरगं आत ओढलं गेलं, आणि त्याच क्षणी कमरेत अशी कळ आली की बाबा जिथे पडले तिथेच अडकले. उठता येईना, खिडकीपर्यंत हात पोचेना, ओरडायला जोर येईना. देवांशला वाटलं आजोबा खेळतायत. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे झेपावला, हाताला लागलेली उशी बाहेर भिरकावली आणि टाळ्या पिटल्या. पस्तीस मिनिटं ही रस्सीखेच चालली होती.

ईश्वरी दिवाणाशी खाली बसली. "बाबा, दिवाण मी हलवला. चूक माझी आहे. आणि मला वाटत होतं... तुम्ही..." दूध, उलटी चड्डी, फ्रिजवरची ठळक अक्षरं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा डोळे मिटूनच बोलले. "नऊ वेळा वाजला."

"हो."

"आयुष्यात पहिल्यांदा फोन वाजू दिला बघ."

ती त्यांच्या मुठीवर कपाळ टेकून हुंदके देत राहिली. ती मूठ इंजेक्शननंतर, दुपारी तीनला, एकेक बोट करत उघडली.

संध्याकाळी सुजीत अबू धाबीहून धावत आला. त्याने आणि रामेश्वरने मिळून दिवाण बाबांसकट आतल्या भिंतीकडे सरकवला. खिडकी घट्ट बंद होती, एसी घरघरत होता. समोरच्या टॉवरमध्ये मजल्यामागून मजले उघडे होते. कुणाच्या तरी घरातून मासे तळल्याचा वास काचेच्या फटीतून येत होता. ईश्वरीने देवांना दिलेला शब्द पाळायचं ठरवलं होतं.

"घरात घुसमट होतेय," बाबा म्हणाले.

"बाबा, प्लीज. आता नाही."

"अगं, हवा येऊन जेमतेम एक दिवस झाला. चार महिने राहते इथे, तूच सांगत होतीस ना? मूल कोमेजेल. तुझी मोजपट्टी आण."

तिने बंद खिडकीची चौकट चाचपून पाहिली. मग तिने ऑफिसच्या बॅगेतून टेप काढला. सुजीतने कोपऱ्यावरच्या दुकानातून खिडकीचा लॉक आणला होता. तिने दहा सेंटिमीटर मोजले, पेन्सिलीने खूण केली, सुजीतने स्क्रू आवळले. तिने खिडकी ढकलली. खिडकी खुणेपाशी अडली. तिने सगळा जोर लावून पुन्हा ढकलून पाहिली, सात वेळा. मग एसी बंद केला.

वारा आला. थोडासाच, पण आला. घड्याळ टिकटिकू लागलं.

देवांश सुजीतच्या मांडीवरून घसरला आणि दुडुदुडु खिडकीकडे निघाला. तो दिवाणाजवळून जात असताना, औषधाच्या गुंगीत घोरणाऱ्या बाबांचा हात रजईतून बाहेर आला आणि त्याने नातवाची चड्डी गच्च पकडली.

बाबा घोरतच होते.