छप्पर मग कुणी शाकारलं?

रविवारच्या प्रवचनात फादरांनी पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट सांगितली. येशू ज्या घरात होता तिथे इतकी गर्दी, की दारातून शिरायला वाव नाही. म्हणून चौघांनी छप्पर उघडून आजाऱ्याला खाटेसकट खाली सोडलं. आम्ही बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या. गावातली छपरं शाकारणाऱ्या कौलारूने मात्र बाहेर पडताना फादरांना गाठलं.

"छप्पर मग कुणी शाकारलं?"

"तसं लिहिलेलं नाही रे. श्रद्धेची गोष्ट आहे ती."

"आणि घरमालक गप्प बसला?"

"ज्याने त्याने गोष्ट आपल्या रोजच्या जगण्याला लावून बघावी," फादर म्हणाले. हे वाक्य ते दर रविवारी म्हणतात. कुणी मनावर घेईल अशी त्यांना कधी धास्ती नव्हती.

कौलारूची अडचण घरातच आडवी पडलेली होती. सासरा जुना कौलारू. ज्या दिवशी धंदा जावयाच्या हाती दिला, त्याच दिवशी त्याने अंथरूण धरलं. पाय गेले, एवढंच सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या लेकीला, म्हणजे कौलारूच्या बायकोला, बजावलं होतं, की असेच पडून राहिले तर पाय खरोखरच जातील, एकदा दाखवायला आणा. पण रांगेत बसवलं की म्हातारा निम्म्या रांगेशी भांडायचा आणि नंबर यायच्या आत घरी न्यायला लावायचा.

सोमवारी आम्ही दवाखान्यात ताटकळत बसलो होतो, तर डोक्यावर कौलं खडखडली. आत बाई पाववाल्याची जीभ बघत होत्या. त्या जिभेवर आधी माती पडली, मग उजेड पडला आणि मग चार दोरांवर लोंबकळत खाट आली. एका दोराला कौलारू, दुसऱ्याला पोस्टमन, तिसऱ्याला शाळेचा शिपाई, चौथ्याला खुद्द फादर. स्वतःच सांगितलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं तरी कसं?

सासरा हाताची घडी घालून पडला होता. लेक धावत आत आली.

"बाहेर रांग आहे," बाई म्हणाल्या.

"मी कुठे मोडली? मला सोडलंय," सासरा म्हणाला.

"म्हणजे वरूनही नंबर लागतो होय?" रांगेतल्या चष्मेवाल्या काकू म्हणाल्या आणि शिडीकडे निघाल्या. मागोमाग आणखी चौघं. शिडीवर नवी रांग लागली, आणि पुढे कोण यावरून तिथेही जुंपली.

बाईंनी सासऱ्याचे गुडघे ठोकून पाहिले. "पाय ठणठणीत आहेत. उठा."

"नाही उठत."

वर फादरांनी डोळे मिटले. काहीच घडलं नाही. लेकीने चादर ओढून बापाची पावलं झाकली.

"निदान ते भोक तरी बुजवा," बाई म्हणाल्या.

कौलारू कौलं लावायला बसला. सासऱ्याची नजर नेमकी भोकातच होती.

"अरे, वरून खाली काय लावतोस? खालचं कौल आधी."

"ऐकू येत नाही, मामा."

"पाणी थेट बाईंच्या डोक्यावर गळेल!"

"गळू द्या."

सासऱ्याने पाय खाली टाकले. ते लटपटत होते. तोंड तेवढं लटपटत नव्हतं. त्याने खाट उचलून भिंतीशी उभी केली आणि तिच्या फळ्यांवर पाय देत, शिव्या मोजत, भोकातून वर गेला.

"हो बाजूला. लाज आणलीस. फादर, दोर सोडा आणि ही कौलाखालची रीप धरा."

नवऱ्याने कधी वरून खाली कौलं लावलेली लेकीने पाहिली नव्हती. तिने चादरीची घडी केली आणि काखेत मारली.

"पुढचा," बाई म्हणाल्या.

"मी," काकू छपरावरून म्हणाल्या. "जरा भोक राहू द्या."

"दारातून या," सासरा म्हणाला आणि त्याने शेवटचं कौल बसवलं.