पुलावरची चाल

सुभेदार बाबुराव निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण चाल अजून परेडचीच. लखनऊ छावणीत मुलाकडे आलेल्या यमुनाबाई सकाळपासून नवऱ्यामागे धापा टाकत होत्या. इमामबाडा झाला, रूमी दरवाजा झाला. दोन्हीकडे त्यांना धड दिसली ती बाबुरावांची पाठच.

"अहो, लखनऊ बघायला आलोय की जिंकायला?" त्या करवादल्या.

मग गोमतीवरचा शंभरी ओलांडलेला पक्का पूल आला. त्याच्या भक्कम लाल कमानी बघताच बाबुराव चक्क रमतगमत चालू लागले.

"पुलावर फौज पावलं जुळवून चालत नाही," ते म्हणाले. "एका तालात चाललं की पुलाला हादरे बसतात."

यमुनाबाई लगबगीने त्यांच्या बरोबरीला आल्या. खाली नदी, शेजारी नवरा, हातात गरम शेंगदाणे! पण पूल संपला आणि बाबुरावांची छाती पुन्हा ताठ झाली.

"अगंबाई, माझा रुमाल पलीकडच्या टोकाला राहिला!" यमुनाबाई ओरडल्या.

दोघं परत फिरले. पुलाच्या मध्यावर बाबुराव शेंगदाणा सोलत म्हणाले, "रुमाल तुझ्या कमरेला आहे. वळतानाच दिसला होता मला."