लेडी इसोबेलची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी, जहाजावरची घंटा आहे. समुद्राचे नावही कुणी काढत नाही अशा, रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी पडून आहे. इथे जुने पितळ वितळवतात. माझ्या भोवती मोडक्या समया आणि नळाच्या तोट्या आहेत. भट्टी तापते आहे, तेवढ्यात माझी कहाणी ऐकून घ्या.

ग्लासगो शहरातल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. माझ्यावर 'लेडी इसोबेल, लिव्हरपूल' अशी अक्षरे कोरली गेली. लेडी इसोबेल हे हॅलम लाइन या इंग्रज कंपनीचे प्रवासी जहाज. धुके पडले की मी वाजायचे आणि दूरची गलबते बाजूला व्हायची. खलाशी मला इतके लख्ख घासत की प्रवासी माझ्यात बघून केस सारखे करत.

त्या जहाजाच्या जेवणघरात रायपूरचे शेखरराव वाढपी होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात त्यांचे पूर्वज रायपूरला आले आणि तिथलेच झाले. जातायेता ते मला हात लावून पुढे जात.

मग कंपनी विकली गेली. एका सकाळी जहाजावरचा ब्रिटिश झेंडा उतरवला आणि मी नावही न ऐकलेल्या एका बेटाचा झेंडा चढवला. जहाजाच्या मागच्या बाजूचे 'लिव्हरपूल' खरवडून काढले. कप्तान बदलला, मालक अमेरिकेत बसले. दरवर्षी येणाऱ्या एका इंग्रज म्हातारीने शेखररावांना विचारले, "हे जहाज अजून आमचंच आहे ना रे?"

"चहाची वेळ तर तीच आहे, बाईसाहेब," शेखरराव म्हणाले आणि कप भरू लागले. ती पुढच्या वर्षी आली नाही.

जहाज म्हातारे झाले तेव्हा त्याला गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला नेले. मला उतरवताना साखळी तुटली. मी लोखंडावर आपटले आणि माझ्या कडेला खोक पडली. शेखरराव तोवर नोकरी सोडून घरी आले होते. जुन्या सोबत्याकडून बातमी कळताच ते अलंगला धावले, भंगाराच्या दुकानांतून मला शोधून काढले आणि रेल्वेने रायपूरला आणले.

"काहून आणली जी एवढी जड घंटा?" त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी दारातच विचारले.

"जहाज गेलं. हिले कसं जाऊ देऊ?"

रायपूर तेव्हा नुकतेच नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले होते. समता कॉलनीतल्या त्यांच्या व्हरांड्यात मी टांगली गेले. सुनीतीबाई कुरकुरत, पण चिंच लावून मला घासत. शेखरराव रोज चहाच्या वेळी मला वाजवत. ती माझी सुखाची वर्षे.

पुढे बातमी आली की हॅलम लाइन त्याच नावाचे नवे जहाज काढते आहे. शेखरराव तरुण झाल्यासारखे घरभर फिरले. "हिची जागा तिथंच आहे. मी फुकट देतो," ते म्हणाले. त्यांचा मुलगा अनिमेष सरकारी कचेरीत होता. त्याने कंपनीशी व्हिडिओवर बोलणे जुळवले. पडद्यावर कंपनीची एक हसरी मुलगी आली. ती म्हणाली, "घंटा फार सुंदर आहे. पण आमची नवी तयार झाली. अगदी जुन्यासारखी दिसते."

"जुन्यासारखी काहून? जुनीच घ्या ना!" शेखरराव मराठीतच बोलून गेले.

अनिमेषने ते इंग्रजीत सांगितले. मुलीने माझा एक चांगला फोटो तेवढा मागून घेतला.

काही महिन्यांनी अनिमेष मोबाईल घेऊन आला. "बाबा, देखो, अपनी घंटी!"

कंपनीच्या जाहिरातीत मी होते. मागची व्हरांड्याची भिंत पुसून तिथे समुद्र लावला होता. खाली लिहिले होते, 'आमचा ब्रिटिश वारसा, आजही जिवंत.' शेखररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हिची खोकपण पुसली यायनं," ते म्हणाले.

त्यानंतर ते मला एका संग्रहालयात घेऊन गेले. तिथले साहेब भले होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काकाजी, इसका छत्तीसगढ़ से क्या संबंध?" शेखररावांनी मला उचलले. रिक्षात त्यांनी मला मांडीवर धरले होते. "तिकडचेपण म्हणून राहिले नको, इकडचेपण नको," एवढेच ते पुटपुटले. घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा कधी वाजवले नाही.

त्या हिवाळ्यात शेखरराव गेले. घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे ठरले. सामान काढताना सुनीतीबाई माझ्यापाशी थांबल्या.

"अनिमेष, हिले तरी नेऊ रे."

"आई, वहाँ कहाँ टाँगेंगे? सोसायटीवाले बोलेंगे."

त्यांनी पदराने मला पुसले आणि बाजूला झाल्या. भंगारवाल्याने मला पोत्यात घातले.

आज सकाळी इथल्या तुळशीराम नावाच्या कामगाराने पितळ खरे आहे का ते बघायला माझ्यावर हातोडी मारली. किती दिवसांनी मी वाजले! शेडमधली सगळी माणसे क्षणभर थांबून बघू लागली.

"माल बढ़िया हे," तुळशीराम म्हणाला, आणि मला तराजूवर ठेवले.

मित्रांनो, माझ्या कंपनीने नाव जपले, चित्र जपले, आणि मला म्हटले नको. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिचा फोटो काढून समाधान मानू नका. ती कुणाची, हे ठरवत बसू नका. ज्याच्या हाताला तिची सवय आहे, त्याच्याजवळ तिला राहू द्या. माझ्यासाठी हे सारे आता उशिराचे आहे. तुळशीराम चिमटा घेऊन आला आहे.