चुलीतला तिसरा दगड

तोमासाने पहारेचे टोक चुलीखाली सारले आणि सगळे अंग टाकून जोर दिला. तिसरा दगड उचकटला. तवा घरंगळत अंगणातल्या कोंबड्यांत जाऊन पडला.

"आई, डोकंबिकं फिरलं का तुझं?" मक्याच्या पिठाने भरलेल्या हातांनीच तिची लेक साबिना धावत आली. "आता भाकऱ्या काय माझ्या टाळक्यावर भाजायच्या?"

"विटा लाव चार. हा आज डोंगरावर जाणार."

साबिना विटा आणायला वळली. दगड कुठला, हे तिला ठाऊक होते. चर्चवर उठलेल्या सरकारने डोंगरावरची ख्रिस्ताची पहिली मूर्ती सुरुंग लावून उडवली, तेव्हा ती पाळण्यात होती. तिचा बाप एपिफानियो पाथरवट. त्या मूर्तीच्या झग्याच्या चुण्या त्याच्या हातच्या. स्फोटानंतर पहाऱ्यावरच्या शिपायांची नजर चुकवून तो वर गेला आणि चुणीचा एक तुकडा पोत्यात घालून घरी आला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा तोमासाने चुणीची बाजू जमिनीकडे करून तो चुलीला लावला, वर तवा ठेवला आणि झडतीला आलेल्या शिपायांना गरमागरम भाकऱ्या वाढल्या. मिरचीचा ठेचा लावून त्यांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या. दगड वाचला. एपिफानियो वाचला नाही. त्याला वाटेत कुणीतरी ओळखले होते. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले, ते कायमचेच.

तेव्हापासून तोमासा देवाच्या झग्यावर स्वयंपाक करत आली. आधी आधी जाळ घालताना ती पुटपुटून माफी मागायची. पुढे तेही सुटले. दूध उतू गेले की त्याच दगडाला ती शिव्या घालायची. पण एक गोष्ट तिने मनाशी पक्की धरली होती. नवा ख्रिस्त उभा राहील तेव्हा हा दगड त्यात गेला पाहिजे. आता काम सुरू झाले होते, पहिल्याहून कितीतरी मोठे, आणि जुने तुकडे कुणाकडे असतील तर आणा, असे रविवारी चर्चमध्ये सांगितले होते.

दगड शालीच्या झोळीत बांधून ती चढू लागली. वाटेवर माणसांची रीघ होती. कुणी वाळूची बादली, कुणी पाण्याची घागर वर नेत होते.

"तोमासा, पाठीवर काय गं? नवरा बांधून आणलास की काय?" शेजारची इलारिया ओरडली.

"हो ना! जिवंतपणी मेला एवढा जड नव्हता."

इलारिया हसली, आणि मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आले. तिने झोळीला मागून हात लावला आणि माथ्यापर्यंत तो काढला नाही.

वर फादर एलिहिओंनी दगड पाहून हातच जोडले. "तोमासाबाई, केवढी ठेव सांभाळलीत! स्वच्छ धुऊन घेऊ. काचेचं कपाट करू. खाली एपिफानियोचं नाव लिहू."

"कपाट कशाला, फादर? मला तो ख्रिस्तात घालायचाय."

फादरनी मिस्त्री निकानोरकडे पाहिले. निकानोरने दगडावर बोटांनी टकटक केली.

"राग मानू नका, आजी. सगळं काँक्रीट आहे. त्यात एवढा धोंडा नाही चालत. खडी लागते, लिंबाएवढी."

"मग ठरलं तर! कपाटच," फादर म्हणाले.

तोमासाने दगड उलटा केला. जमिनीकडे राहिलेली ती बाजू तिने इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तीन चुण्या, एकीवर एक पडलेल्या. छिन्नीचे बारीक घाव अजून बोटाला लागत होते. तिला वाटले, हा परत शालीत बांधावा आणि घर गाठावे.

"मिस्त्री, हातोडा द्या."

"अहो, असं काय करता!" फादर मध्ये आले. "दुसरा तुकडा मिळायचा नाही. लोक बघतील, हात लावतील, त्याचं नाव राहील!"

"जिवावर उदार होऊन तो वर गेला, तो कपाटासाठी नाही गेला, फादर. सरका बाजूला."

"द्या, मी फोडतो," निकानोर म्हणाला.

"नको. माझ्या घरातला आहे."

ती खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसली. पहिल्या घावाला काळे कवच उडाले आणि आतून कोवळा गुलाबी रंग निघाला. दुसरा, तिसरा घाव. चुण्यांपाशी आली तेव्हा ती थांबली, तळहाताने त्यांच्यावरची माती पुसली आणि मग हातोडा उचलला. तिला रडू येत होते. ते पुसायला ती थांबली नाही. लिंबाएवढे म्हणजे लिंबाएवढेच तुकडे तिने केले.

घमेले तिने कुणाला उचलू दिले नाही. काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी जाऊन तिने ते स्वतः उपडे केले. एक-दोन फेरे गुलाबी खडी दिसली. मग सिमेंटचे पाणी पडले आणि आत सगळे एकाच रंगाचे झाले. तरीही ती वाकून बघत राहिली.

"चला, पुढचं घमेलं कुणाचं?" निकानोरने हाक दिली.

मागे वाळू घेऊन एक म्हातारा उभा होता. तोमासाने त्याला वाट करून दिली.