दादाच्या हातातलं पुडकं

मी एक जुना टाक आहे. लाकडी दांडी, टोकाला लोखंडी निब. दौतीत बुडवल्याशिवाय माझं तोंड चालत नाही. आता खणात पडून आहे, निबवर गंज चढलाय. पण मित्रांनो, एके काळी माझ्या मालकाच्या चित्रकथेसाठी मुलं दुकानाबाहेर ताटकळत उभी राहायची.

त्या कथेचा नायक होता मुखवटेवाला. लाचखाऊ पोलिसांना तो आडवाटेला गाठायचा नि त्यांचे हात मोडायचा. चौकशी नाही, पुरावा नाही. आलं मनात की केला न्याय. तो भला की बुरा, हे त्याला इतक्यांदा रेखाटूनही मला उमगलं नाही. मुलं मात्र टाळ्या पिटायची.

मालकाला गणवेशाच्या चुण्या काही केल्या जमेनात. त्याचा थोरला भाऊ हवालदार होता. सरळ माणूस, कुणाच्या चहालाही मिंधा नाही. मालक त्याला म्हणाला, "दादा, जरा उभा राहतोस? हात पुढे कर."

"असा? रहदारी अडवतोय वाटतं मी," म्हणत दादा हौसेने उभा राहिला. पाय अवघडले तरी हलला नाही. तो गेल्यावर मालकाने चित्रातल्या त्या हातात माझ्याकडून नोटांचं पुडकं रेखाटून घेतलं. चेहरा तसाच राहू दिला, हनुवटीवरच्या तिळासकट. इतका हुबेहूब उतरला होता की त्याला मोडवेना.

अंक छापून आला. गल्लीतली पोरं दादाला पाहून तळहात पुढे करू लागली. मग एक दिवस अंक आईच्या हाती पडला. तिला बारीक अक्षर दिसत नाही. ती नुसती चित्रं पाहत होती. दोन्ही लेक समोरच बसले होते.

"हा आपला दादा ना रे? पैसे घेतोय?"

"आई, गोष्ट आहे ती," मालक म्हणाला. "खाली नाव दुसरंच लिहिलंय."

"आणि हा तोंड बांधलेला कोण?"

"तो चांगला माणूस."

"चांगला आहे तर तोंड का लपवतो?"

दादाने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. त्याच्या मनाला खूप लागलं होतं.

काही दिवसांनी मालक माफी मागायला त्याच्या घरी गेला. मी त्याच्या खिशातच होतो. वहिनीने दार अर्धंच उघडलं. "ते घरी नाहीत, भावजी." उंबऱ्याशी दादाचे बूट होते. मालकाला ते दिसले, आणि त्याला दिसले हे वहिनीलाही कळलं. दार लागलं.

त्यानंतर मालकाने मला हाती धरलं नाही. मुखवटेवाल्याची गोष्टही अर्धीच राहिली.

मित्रांनो, टाक वापरून झाला की लगेच धुवा. वाळलेली शाई मग निघता निघत नाही. आणि कुणाचा चेहरा उसना घ्यायचा असेल, तर कशासाठी ते आधी सांगा. मालकाने सांगितलं असतं ना, तर धाकट्यासाठी दादा तसाही उभा राहिला असता.