गप आणि गॅप

दाना ओली या गल्लीतले मधुसूदनपंत उत्तरेतल्या मराठी संस्थानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि शाळेत उरलेलं घरी. त्या आठवड्यात ‘गॅप’ची पाळी होती. "गॅप म्हणजे फट. डोंगरात असली तर खिंड. बोलता बोलता माणूस अडला, तोही गॅपच," असं ते जेवताना बायकोला, शामलेला, ऐकवत. तिनं मध्ये काही विचारलं की मात्र अस्सल मराठीत "गप!" म्हणत. तिथे त्यांचं इंग्रजीवाचून काही अडत नसे.

पौषातल्या एका सकाळी शामला चार वर्षांच्या विमलला घेऊन फूलबागेकडे देवदर्शनाला निघाली. धुकं असं दाट की आपलाच हात आपल्याला दिसेना. नाल्यावरच्या लाकडी पुलावर पोरीनं हात सोडवला आणि पळाली.

"विमल, रुक ना! कुठे आहेस तू?"

"इथे आहे मी!"

आवाज पुढे पुढे जात होता आणि शामला त्याच्या मागे. एवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणी गोरा साहेब गरजला, "गॅप! गॅप!"

शामलेच्या कानांनी ऐकलं ते "गप!" पुरुषाचा चढा आवाज आणि तोच शब्द. तिची वाचाच बसली. पुढून पोरीचाही आवाज बंद झाला.

मग तिला उमगलं, उच्चार साहेबी होता. साहेबाला मराठी कुठली यायला! फट. पुढे पुलाच्या फळ्या काढलेल्या असणार आणि खाली नुसते दगड. पोर पडली असती तर आवाज झाला असता. झाला होता का? तिला आठवेना. हाक मारावी तर पोर धावत सुटेल, न मारावी तर पुढेच जाईल. ती खाली बसली आणि फळ्या चाचपत रांगू लागली. हाताला परकर लागला.

विमल दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून उकिडवी बसली होती. घरी बाप ओरडला की बसते, तशीच. तिच्या पावलांपुढे फळी नव्हती. शामलेनं तिला मागे ओढून छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली.

"बच्ची बड़ी होशियार है, बाई!" पोरीची पावलं थांबलेली ऐकून पलीकडून पुलाच्या कामावरचा मुकादम ओरडला. "साहब कहते हैं, अंग्रेज़ी समझती है!"

नवऱ्याच्या धाकानं पोर वाचली होती, आणि देवाचे आभार मानायला शामलेची जीभ उचलेना.

विमलनं तोंडावरचा हात जरासा सैल केला.

"आई," ती कुजबुजली, "आता बोलू?"